अक्षरी पाच पैसे

हरिपूरच्या पेवात उतरायचं तर आधी कंदील सोडतात.
विझला, तर खाली हवा वाईट.
मगदूम सरांनी पहिल्या चौकटीत कंदील काढला,
दुसरीत तो विझलेला,
तिसरीत नुसता काळोख, आणि काळोखात फुगलेले दोन गाल.
हवा चांगली होती. फुंकर मारली होती कुणीतरी.

असा आला पेवाप्पा
साप्ताहिक 'नांगरट'च्या शेवटच्या पानावर,
हळदीचे भाव आणि जाहीर नोटिसा यांच्या मधे.
अंगभर पिवळा, कमरेला पोत्याचं फडकं,
दंड असे की चौकटीची रेघ वळसा घालून जायची.
बोलायचा एकच: हुं.

फुग्यांत अक्षरं मी भरायचो.
अक्षरी पाच पैसे, काना-मात्रा फुकट.
पहिल्या वर्षी माझं महिन्याचं बिल वीस पैसे.
त्या वर्षी त्यानं काय नाही केलं!
रुतलेली उसाची गाडी बैलांसकट उचलली,
मिरजेच्या घाटावर मालगाडीला खांदा दिला
(मिरजेला घाट नाही, सरांनी काढला),
डिग्रजच्या डोहातल्या मगरीचे दात मोजले,
पुन्हा मोजले,
कारण मोजणं येत नव्हतं.

मग बुधगावच्या लोंढेबाईंचं पत्र आलं:
पोरं हजेरीला 'हुं' म्हणतात.
कुसनाळे संपादकांनी सरांना बोलावून चहा पाजला,
म्हणजे प्रकरण गंभीर होतं.
पुढच्या अंकात पेवाप्पाला बनियन.
दिवाळीला लेंगा.
संक्रांतीला तो 'मी' म्हणाला, आणि पाडव्याला
'कृपया'.
पंधरा पैसे.
मी म्हटलं, सर, शिकू दे त्याला.

खोटं कशाला बोलू,
धाकटीची फी त्याच्या तोंडातून निघाली.
रात्री मीच सुचवायचो,
'थांब'च्या जागी 'क्षणभर थांबण्याची कृपा करावी'.
सर मान हलवायचे. फुगा वाढायचा.
कागद तेवढाच,
मग दंड सरकायचा मागे.

नागरी बँकेची जाहिरात मिळाली तसा त्याला
सदरा, चष्मा, टोकन नंबर त्रेचाळीस.
एका अंकात गणपती पेठेत भिंत कलली,
खाली भडंगवाला.
जुना असता तर पाठ लावून उभा राहिला असता
भडंग खात.
नव्यानं विचारलं,
'नगरपालिकेला अर्ज दिला आहे का,
दिला असल्यास पोच कुठे आहे?'
सव्वीस अक्षरं. एक रुपया तीस पैसे.
भिंत पुढच्या अंकात पडली.
वाचकांनी लिहिलं, किती सुधारला.
लोंढेबाईंनी शाल पाठवली,
सरांना की त्याला, शेवटपर्यंत कळलं नाही.

आणि मग ते पाणी आलं.
आयर्विन पुलाच्या आकड्यांवर सगळ्या गावाचे डोळे.
हरिपूरला पेवं आतल्या आत बसली,
आवाजसुद्धा नाही, फक्त जमीन खाली जायची
पोट आत घेतल्यासारखी.
सर पोटमाळ्यावर, मेणबत्ती लावून चौकट काढत होते.
नावेतला पोरगा खालून ओरडत होता,
मास्तर, कागद नंतर!

चित्रात पेवाप्पा सदरा काढून, चष्मा दातांत धरून
छातीभर पाण्यात.
खांद्यावर लोंढेबाई,
त्यांच्या मांडीवर हजेरीपट.
बाई रागावलेल्या.
फुगा रिकामा, एवढा मोठा
की अख्खा अर्ज मावला असता.

सर म्हणाले, भर.
मी निब धरून बसून राहिलो.
शाईचा थेंब पडला फुग्यात, मधोमध.
त्याचा अनुस्वार केला,
खाली अक्षर लिहिलं.

तो अंक निघाला नाही. मशीन पाण्यात होतं.
कुसनाळ्यांकडे माझी बाकी अजून निघते:
पाच पैसे.
अनुस्वार फुकट.