खोली चौदाचा लॅपटॉप

मुसफ्फाच्या कॅम्पात, खोली चौदात,
आम्ही सहा जण आणि एक लॅपटॉप. वर्गणीतला.
'एन'ची कळ निखळलेली,
तिथे नुसता रबराचा मणी.

जुनी सिस्टिम मोठी मनमिळाऊ.
झाकण उघडलं की या, बसा.
नाव विचारायची नाही, गाव विचारायची नाही,
कुणाचाही पेनड्राइव्ह पोटात घ्यायची.
पत्ते, पिक्चर, पगाराच्या स्लिपा
सगळं एकाच फळीवर,
दाराशी आमच्या चपला पडतात तसं.

मार्चमध्ये इस्माईल परकारचे
अकराशे दिरहम गेले.
कुठे, ते बँकेलाही सांगता येईना.
तो चिडला नाही. त्या रात्री त्याने
आमच्याकडे फक्त एकेकदा पाहिलं.

स्टोअरमध्ये मी बारकोड मारतो
म्हणून खोलीतला इंजिनियर मीच.
शुक्रवारी जुनी पुसली, नवी घातली,
फुकटातली, पण कडक.
प्रत्येकाला वेगळा उंबरा, वेगळा कडीकोयंडा.
प्रिंटरची आणि तिची ओळख पटेना.
लुडो गेला.
दर पाच मिनिटांनी पडदा मिटे, पुन्हा विचारी, कोण?
"ही सिस्टिम आहे की एअरपोर्टचा काउंटर?"
दिगंबर खोत म्हणाला.

नवं काही बसवायचं तर मुख्य पासवर्ड लागे.
तो माझ्याकडे. फक्त माझ्याकडे.
खोटं कशाला बोलू, बरं वाटायचं.
न मागता चहा यायचा.

लवू घाडी आमच्यातला थोरला, पाइपफिटर.
अंगठ्याच्या रेषा ग्राइंडरने इतक्या खाल्ल्यात
की हजेरीचं यंत्र त्याला
तिसऱ्या खेपेला ओळखतं.
रात्री दीडला त्याच्या नातीच्या बारशाची फिल्म आली.
सिस्टिम म्हणाली, दाखवते,
पण आधी एक गोष्ट बसवावी लागेल. परवानगी?
मी रात्रपाळीला. फोन लॉकरमध्ये.

सहाला आलो तर हा तसाच,
अंघोळ नाही, डबा भरलेला नाही.
"तुझीच वाट बघी होतंय."
मी म्हटलं, घाबरू नकोस लवूदादा,
सगळं सुरक्षित आहे, किल्ली माझ्याकडे आहे.

आणि जीभ चावली.
हे वाक्य माझं नव्हतं.
चार वर्षांपूर्वी कंपनीच्या ऑफिसात
माझा पासपोर्ट खणात टाकत
एक माणूस अगदी मायेने हे म्हणाला होता.
वडील गेले तेव्हा
तो खण उघडायला साडेतीन दिवस लागले.

आधी फिल्म लावून दिली.
बाळ सगळा वेळ झोपलेलंच होतं.

मग संध्याकाळी बैठक.
जुनी परत आण, दिगंबर म्हणाला.
इस्माईल नखं बघत बसला.
मला दोघांचंही पटत होतं, हीच पंचाईत.
शेवटी ठरलं, मुख्य पासवर्ड बदलायचा.
अर्धा इस्माईलने टाकायचा,
अर्धा लवूने. मी नाही.
"आणि इस्माईल सुट्टीवर गेला तर?"
"तेव्हा बघू."

लवू बसला. एका बोटाने.
मी भिंतीकडे तोंड करून उभा.
एसीचं पाणी बादलीत ठिबकत होतं.
टक. बराच वेळ काही नाही. टक. टक.
मधेच चुकला असावा,
सगळं पुसून पहिल्यापासून लागला.

त्यातला एक आवाज रबराचा होता.
तेवढं अक्षर मला कळलं.
विसरायचा प्रयत्न करतोय.