वजन

सत्तेचाळीस हजार. त्यातले तीन उसने,
लॅबमधल्या प्रज्वलाकडून, दिवाळीपर्यंत.
पहाटे सहापासून घरोघर रक्त काढत फिरते मी,
कोपरखैरण्यात कुठल्या गल्लीत
कुणाची शीर सापडत नाही, सगळं पाठ.
मधल्या वेळात पावतीपुस्तकाच्या पाठीवर यादी करते,
खोडते, पुन्हा करते.

प्रोसेसर सहा कोअरचा. आठचा जमला असता,
पण मग ग्राफिक्स कार्ड खाली येतं,
आणि ते खाली आलं तर हा सगळा खटाटोप कशाला?
पांघरूण एवढंच आहे. डोकं झाकलं की पाय उघडे.
रॅम सोळा, पण एका पट्टीत नको,
आठ-आठच्या दोन. इथे मी ऐकणार नाही कुणाचं.
मॉनिटर ऐरोलीच्या बंद पडलेल्या कॉल सेंटरमधला,
कोपऱ्यात कुणाचा तरी एक्स्टेन्शन नंबर
अजून चिकटलेला : ४१७.

कार्ड जुनं घेतलं, सानपाड्याहून.
जितिन नावाचा मुलगा दारात उभा,
खांद्यावर दोन महिन्यांचं बाळ.
"चालवून बघा," म्हणाला,
आणि माझ्यापेक्षा जास्त वेळ तोच बघत बसला.
घरी आणून पंखे उघडले :
मांजराचे पांढरे केस, उदबत्तीची राख.
दुसऱ्याच्या घराची दोन वर्षं
जुन्या टूथब्रशने झाडून काढली.

राहिला पॉवर सप्लाय.
यादीत तो सगळ्यात खाली,
उरलेल्या पैशांसमोर, उरल्यासारखा लिहिलेला.
अप्पा सोबत आले वाशीला,
"तिकडं बाजार माझा हाय," एवढ्याच कारणाने.
बत्तीस वर्षं माथाडी. आधी कांदा-बटाटा, मग मसाला मार्केट.
चेतन गालाच्या काउंटरवर दोन खोकी,
दोन्हींवर एकच आकडा, साडेपाचशे वॅट,
किमतीत सतराशेचा फरक.
मी स्वस्ताकडे हात नेला.
अप्पांनी दोन्ही उचलली, एकेका हातात एकेक,
आणि डोळे मिटले,
पोतं पाठीवर यायच्या आधी मिटायचे, तसे.
"ह्यो पोकळ हाय. निस्ता आकडा लिवलाय."
गाला हसला नाही.
"तांबं कमी आहे त्यात, काका," म्हणाला हळूच,
"पण लोक किंमत विचारतात."
अप्पांनी जड खोकं माझ्या हातात दिलं.
"ह्यात माल हाय."

सतराशे गेले, म्हणजे कॅबिनेट गेलं.
ते काचेचं, आत रंग फिरणारं,
जे आठ महिने मी झोपायच्या आधी
मोबाईलवर उघडून बघत होते.
तिसऱ्या दिवशी अप्पांनी मार्केटातून
सफरचंदाची रिकामी पेटी आणली,
फळ्याफळ्यांत बोटभर फट.
"फळाला वारा लागतो. ह्याला लागत न्हाय व्हय?"
लागतो.

पहिल्यांदा चालूच झालं नाही.
रात्रीचे साडेअकरा, मी घामाघूम,
आई म्हणाली, उद्या बघ आता.
रॅमची एक पट्टी अर्धीच बसली होती.
अंगठ्याने दाबली. टक.
मग पेटी घुमायला लागली,
गवताचा आणि सफरचंदाचा वास गरम होऊन खोलीभर.

खेळात मी एक गुहा लुटली.
तलवारी, ढाली, मेलेल्यांच्या अंगठ्या,
आणि चालता चालता माझी बाई जडावली,
पाय ओढायला लागली. पडद्यावर ओळ उमटली.
"काय म्हंतंय?" अप्पा पलंगावरून.
सांगितलं : ओझं जास्त झालंय, आता पळता येणार नाही.
ते उठून जवळ आले.
बराच वेळ त्या बाईच्या पाठीकडे बघत राहिले.
"मग?"
"मग काहीतरी टाकायचं."
मी एक ढाल टाकली. बाई पळाली.
अप्पांचा हात मानेमागे गेला, गाठ आहे तिथे,
आणि तिथेच राहिला.
"टाकल्यालं," त्यांनी विचारलं,
"परत गावतं का?"