पानाला तीस रुपये

कोर्टासमोर, उसाच्या गुऱ्हाळाला लागून, माझं टेबल.
एक कॉम्प्युटर, एक झेरॉक्स, दोन लिप्या.
मराठीला श्रीलिपी, कन्नडला नुडी.
पानाला तीस रुपये. चूक दुरुस्त करायचे पैसे मी घेत नाही.

मंगळवारी ऊन उतरताना पद्मिनी कामकर आली, खासबागची,
केसांत सुताची पिंज तशीच.
तक्रार लिवायची हाय, म्हणाली.
ठाण्यातले साहेब म्हणाले, कन्नडात आणा,
अन् कोण काय बोललं ते शब्दाला शब्द पाहिजे.

काय केलीस काय तू?

"व्हिडिओ केलो," म्हणाली. "चार मिनटांचा.
मागावर नवरा बसतोय, त्येची मजुरी वहीत हाय.
कांड्या मी भरतो, पहाटे पाचपास्नं.
त्या कुठल्या वहीत हायत,
एवढंच विचारलो."

आमच्याकडं बायका अशाच बोलतात.
मी आलो. मी भरतो. मी विचारलो.
पुण्याची मामेबहीण हसते, अगं, तू बाई ना?
हसू दे.
आईच्या तोंडून आलेली क्रियापदं ही,
तिच्या चोळीसारखी, उसवून मला बसवलेली.

तिनं फोन पुढं सरकवला. दोनशे चौदा जण.
मी वाचत गेलो, टाइप करत गेलो.
एक म्हणतो, आधी भाकरी गोल थापायला शीक.
एकाला तिचा दर पाहिजे, रात्रीचा.
एकजण तिच्या नवऱ्याची कीव करतो, लांबलचक, शुद्ध भाषेत.
एकानं तिच्या मुलीच्या शाळेचं नाव लिहिलंय.
फक्त नाव. पुढं काही नाही.
तिथं माझी बोटं थांबली.

एकाच्या फोटोत दंडावर काळी पट्टी,
दुसऱ्याच्या गळ्यात लाल-पिवळी शाल.
एक नोव्हेंबरला पाटीवरच्या अक्षरासाठी
एकमेकांची डोकी फोडतील.
इथं एकाच्या शिवीखाली दुसऱ्याचा अंगठा आहे.
अन् भाषांतराला बसलो तर तो एक शब्द
आपला आपणच पलीकडं जातो.
एक काना गळतो, एक मात्रा चढते,
बास.
जन्मभर आम्ही स्वतःला पुल्लिंगात बोललो,
शिवी मात्र नेमकी स्त्रीलिंगी आली.
दोनशे चौदांत व्याकरण कुणाचंच चुकलं नाही.

मी बारावीत असताना
स्टँडच्या मुतारीत कुणीतरी
आमच्या घरचा नंबर लिहिला होता, कोळशानं, वर माझं नाव.
रात्री अकराला फोन वाजायचा, बाराला वाजायचा.
अप्पांनी वायर काढून ठेवली.
दादानं मला कॉलेजातनं काढलं,
टायपिंगच्या क्लासला घातलं. तिथं फक्त मुली,
मान खाली.
भिंत कुणी धुतली नाही.

हे पद्मिनीला सांगितलो नाही.
पंखा घरघरत होता. गुऱ्हाळाचा घुंगरू वाजत होता.
ती खुर्चीच्या कडेवर बसून
माझ्या बोटांकडं बघत होती,
धागा तुटतोय का बघावं तसं.
"तुमालाबी लई घाण लिवायला लावलो," म्हणाली.

अकरावं पान. खालचा मजकूर तिचा.
"मी विचारलो" हे कन्नडात टाइप केलो, नानु केळिदे.
त्या भाषेत 'मी' बाई की बाप्या,
क्रियापद सांगत नाही.
अन् केळिदे म्हणजे विचारलं,
केळिदे म्हणजे ऐकलंसुद्धा.
साहेबांना कुठला अर्थ लागेल कुणास ठाऊक.
मी तसंच ठेवलो.

सही केली तिनं, मराठीत, एकेक अक्षर दाबून.
मग कनवटीची घडी सोडून तीनशे तीस रुपये मोजली.
राहू दे गं, म्हणालो.

"घ्या," म्हणाली. "कामाची मजुरी हाय.
अन् वहीत लिवा."