सहा चुका

पुन्ता अरेनासमध्ये वारा फार सुटला की
चौकात दोर बांधतात, माणसांनी धरून चालावं म्हणून.
तो दोर धरत धरत मी एदुविनाबाईंकडे पोचलो.
पिशवीत तीन स्क्रू-ड्रायव्हर,
आणि एक केबल, असू द्यावी म्हणून.

"म्हातारा झालाय," हनुवटीनं संगणक दाखवत त्या म्हणाल्या.
"फोटो उघड म्हणते आणि मातेचं पाणी ठेवते.
पाणी तापतं, मी पिते, दुसऱ्यांदा ओतते,
तेव्हा कुठे टोप्या दिसायला लागतात."

खरंच. आधी आभाळ, मग टोप्या,
मग कपाळं. डोळ्यांपाशी येऊन चित्र अडायचं.
आत पंखा घोंघावत होता, प्रोसेसर शंभर टक्के,
आणि डिस्क आपली टिक... टिक...
पेन्शनच्या रांगेत सरकल्यासारखी.

व्हायरस नव्हता. जागा भरपूर होती.
मेमरी निम्मी रिकामी.
शेजारचा पोरगा म्हणाला होता, नवा घ्या.
त्याला त्यांनी माते न विचारताच वाटेला लावलं.

मग डिव्हाइस मॅनेजर, त्यात प्रायमरी चॅनेल,
त्याच्याही पोटातला दुसरा कप्पा,
तिथे कोपऱ्यात एक बारीक ओळ:
सध्याची पद्धत, पी.आय.ओ.

"बाई, डिस्कवरचा माल एरवी थेट मेमरीत उतरतो.
प्रोसेसर नुसती पावतीवर सही करतो.
आता तोच हमाल झालाय.
एकेक पोतं डोक्यावर घेऊन
फळीवरून खेपा घालतोय.
दुसऱ्या कशाला त्याचा हात मोकळा नाही."

"त्याला हमालीला लावलं कुणी?"

"यंत्रानंच. माल वाटेत सहादा खराब झाला.
सहा चुका भरल्या की विश्वास उडतो.
मग जे काय ते सावकाश, स्वतःच्या हातानं."

"सहा?" त्या हसल्या. "पुष्कळच झाल्या.
मी दोनवर थांबले होते."

कुणाच्या, हे मी विचारणार होतो,
पण तोंडात त्यांनीच दिलेली मातेची नळी होती.

पेटी उघडली. राखाडी फितीसारखी केबल,
झाकणात चेमटलेली, डाव्या कडेला पक्की घडी.
"दागोबेर्तोनं बसवलं होतं हे.
अंतोफागास्ताच्या खाणीत गेला त्याच सकाळी.
विमान चुकेल म्हणून झाकण दाबून बसवलं,
आणि माझ्यावरच ओरडला."

केबल बदलली. चालू केलं.
आभाळ. टोप्या. कपाळं.
जैसे थे.

हे मला ठाऊक असायला हवं होतं:
कारण काढलं तरी मोजणी राहते.
चॅनेलची नोंदच पुसावी लागते,
यंत्राला सांगावं लागतं, तू हिला ओळखत नाहीस.
मग बंद, मग चालू,
मग ते परक्यासारखं विचारतं, तू कोण,
किती वेगानं येऊ शकतेस?
ती सांगते.
आणि ते मानतं.

या वेळी फोटो एकदम उघडला.
अकरा माणसं, अर्धी भादरलेली एक मेंढी,
बावीस डोळे.
बाईंच्या हातात किटली होती, रिकामी.
"बंद कर," त्या म्हणाल्या. "असं अंगावर नको."
किटली ठेवली, खुर्ची ओढली,
आणि मग स्वतःच उघडला.

थोड्या वेळानं आकड्यांच्या खिडकीवर बोट ठेवलं:
"हा कोण सत्त्याण्णव टक्के खातोय?"
"कुणी नाही. रिकाम्या वेळाची नोंद आहे ती."
"रिकाम्या वेळालाही नाव दिलंय," त्या म्हणाल्या,
आणि बराच वेळ ती ओळ बघत राहिल्या.

पैशांऐवजी लोकरीचे मोजे मिळाले, एक नंबर मोठे.
जुनी केबल टाकू दिली नाही.
अंगठ्यानं घडी दाबून पाहिली,
सरळ होईना, तरी विणकामाच्या टोपलीत ठेवली.

दार उघडताच वारा आत घुसला.
मी दोराकडे हात नेला, तेवढ्यात मागून:
"अंतोफागास्तात आत्ता किती वाजले असतील रे?"

"इथल्याइतकेच, बाई."