खिळ्यांमधलं अंतर

आमच्या बेटावर झाडं नाहीत.
म्हणजे आहेत, चर्चच्या भिंतीआड सहा-सात,
वाऱ्यापुढे मान खाली घातलेली;
त्यांना कुऱ्हाड लावायची कुणाची छाती नाही.
लाकूड येतं ते समुद्रातून,
कुठल्याशा सायबेरियातल्या नदीतून सुटलेलं,
मिठानं पांढरं पडलेलं,
आपण कुठलं झाड होतो ते विसरलेलं.

त्यातलंच एक मी फेब्रुवारीत उचललं.
हातभर लांब, मनगटाएवढं जाड,
मध्ये जरासं वाकलेलं,
बसची वाट बघून कंटाळलेल्या माणसासारखं.
दोन आठवडे रेडिएटरवर वाळवलं.
घरभर शेवाळाचा वास.
सुन्निवा नाक मुरडेल म्हणून खिडकी उघडी टाकली
आणि स्वेटर घालून झोपलो.

सुन्निवा माझी मुलगी. तेरा संपून चौदावं लागलंय.
एक शनिवार सोडून पुढच्या शनिवारी येते,
समुद्राखालच्या बोगद्यातून, निळ्या बसनं,
आणि तिचे दागिने येतात बिस्किटांच्या डब्यात:
साखळ्या साखळ्यांच्या गळ्यात पडलेल्या,
एका डुलाची तार दुसऱ्याच्या मण्यात,
शिंपल्याचं काहीतरी, पिसाचं काहीतरी,
आजीचं चांदीचं बटण, काळं पडलेलं.
"बाबा, सोडव ना."
मी सोडवतो. चष्मा कपाळावर, हातात टाचणी.
जाळी सोडवण्यात बावीस वर्षं गेली,
ही तर माशाशिवायची जाळी.

मी सामनच्या कारखान्यात असतो.
दारावर पाटी आहे: अंगठी नाही, घड्याळ नाही, साखळी नाही.
माझी अंगठी शिफ्टभर कपाटातल्या एका खिळ्यावर असायची.
पुढे टांगायला काही उरलं नाही.
खिळा आहे.

तर, काचकागद. आधी जाड, मग बारीक.
लाकडाच्या आत मधासारखा रंग निघाला,
मला एकट्यालाच दिसला तेव्हा
उगाच कुणाला तरी हाक मारावीशी वाटली.
क्लाक्स्विकहून पितळी खिळे आणले, नऊ.
बंदरावरच्या हायनीनं जाळ्याचा तुकडा दिला,
म्हणाला, "यात काय धरणार आहेस? हेरिंग?"
"डूल," मी म्हटलं.
तो हसला नाही. वर दोरीही दिली, हिरवी, फुकट.

पेन्सिलीनं खुणा केल्या, चार-चार बोटांवर.
पहिला खिळा. दुसरा. तिसरा.
चौथ्यापाशी हातोडी हवेतच राहिली.

ती बसते कधी माझ्याजवळ?
जेवताना मान फोनमध्ये,
फिरायला चल म्हटलं तर पाऊस, वारा, पाय दुखतात.
गुंता सुटेपर्यंत मात्र बसते.
गुडघा माझ्या गुडघ्याला लागलेला,
आणि बोटं चालू असली की
तोंडही चालतं तिचं:
गणिताच्या बाईंबद्दल, कुणा येन्सबद्दल,
आईच्या नव्या सोफ्याबद्दल,
रात्री झोप लागत नाही त्याबद्दल.
आणि मी इथे बसून
ते सगळं नीट टांगून ठेवायची सोय करतोय.

चहा केला. प्यायचा राहिला.
मग उरलेले ठोकले.

शनिवारी तिनं पलंगावर उभं राहून पाहिलं,
लाकडावरून हात फिरवला, हुंगलं,
नाक मुरडलं नाही.
जाळ्यात डूल अडकवले, एकेक,
किरकोळ मासळी लागावी तसे हलत राहिले.
"बाबा, हे दोन चुकलेत. अगदी चिकटून आहेत."
"हो," मी म्हटलं, "हात हलला."
तिनं माझ्याकडे बघितलं.
बाकीचे खिळे मोकळे होते.
सगळ्यांत लांब अशा दोन साखळ्या तिनं निवडल्या
आणि त्या दोनांवरच टांगल्या.

खिडकी अजून थोडी उघडी होती.