हरकत नसल्याचा दाखला

रुवीच्या ऑफिसात, पाचव्या मजल्यावर
एसीच्या घरघरीखाली मी नियम वाचते.

पदवीला किमान पंचावन्न टक्के.
माझे चौपन्न पॉइंट आठ.
मिरजेला त्या वर्षी मला कावीळ झाली होती,
ती कुठल्या रकान्यात भरायची?

मूळ प्रमाणपत्रावर तीन शिक्के हवेत.
त्यावर नाव हर्षदा गजानन टिळेकर,
पासपोर्टवर हर्षदा नितीन आगवेकर;
दोघी एकच, असं प्रतिज्ञापत्र जोडायचं.
दोघींना कुणी विचारलेलं नाही.

अनुभव दोन वर्षं.
सतरा वर्षं मी इथं बोर्डाची इतिवृत्तं टाइप करतेय.
'सर्वानुमते मंजूर'
माझी बोटं झोपेतही लिहितील.
शेठच्या मेहुण्याला सिमेंटचं कंत्राट दिलं
तेव्हाही सर्वानुमते.
शेठ खुर्चीतून हलले नव्हते.
ते बाहेर गेल्याचं मी लिहिलं.

शेवटचा कागद : मालकाची हरकत नसल्याचं पत्र.
मुदत गुरुवार, दुपारी दोन.
मसुदा अर्थात मीच केला,
विषय : कॉर्पोरेट गव्हर्नन्स, पदव्युत्तर, संध्याकाळची बॅच.

शेठनी चष्मा कपाळावर सरकवला.
"म्हणजे नेमकं शिकवतात काय?"
"मीटिंगमधून कुणी कधी उठून जायचं, ते."

पेनाचं टोपण त्यांच्या हातात.
बाहेर अस्रची अजान सुरू झाली,
संपली.
मी उभीच.
मग त्यांनी चहा मागवला,
एकच.