एकोणिसाचा पाढा

कुबेरभवनची लिफ्ट बंद पडली त्या सोमवारी
तिसऱ्या मजल्यावर फायलींच्या कपाटाला टेकून
मी पाणी मागितलं.
शिपायाने खुर्ची आणली, पंखा माझ्याकडे वळवला,
मागून कुणीतरी हळूच विचारलं,
"मासीने केटलां वरस थयां?"
एकोणपन्नास.
सांगायला श्वास नव्हता.

शाळेत असताना खो-खोत
चार मिनिटं मी कुणाच्या हाती लागले नव्हते.
ती मुलगी अजून आत कुठेतरी
खांबाला वळसा घालत असेल असं वाटून
दुसऱ्याच दिवशी पहाटे कमाटीबागेत
तिच्या वेगाने सुटले.
बँडस्टँडपर्यंत पोचले.
मग आठवडाभर घरचा जिना
कठडा धरून, उलट्या तोंडाने उतरले.

पागेदार सर बाकावर बसतात, काठी मांडीवर आडवी.
आमच्या वेळचे पीटीचे मास्तर.
नाव विसरलेत माझं, "पळतीवाली" एवढं आठवतं.
म्हणाले, एकोणिसाचा पाढा येतो ना?
तो म्हणत पळ.
अडखळलीस की चालायला लाग.
पुन्हा नीट म्हणता आला की पुन्हा पळ.
एवढंच.
मला वाटलं, म्हातारा थट्टा करतोय.

एकोणीस एके एकोणीस: पहिला दिवा.
एकोणीस दुणे अडतीस: पाणपोई.
त्रिक सत्तावन्नला घसा कोरडा,
चोकला शहात्तर म्हणायच्या आत
सत्तरीचीच कुणीतरी मला मागे टाकून गेली,
साडीचा काष्टा मारून, पायात कॅनव्हासचे बूट.
मी चालले.
चालणं जमायलाच तीन आठवडे लागले,
म्हणजे, न लाजता चालणं.

पुलावर रोज थांबते.
खाली विश्वामित्रीच्या गाळात मगर पडलेली असते,
तोंड उघडं, हालचाल नाही,
टायर फुटून पडलेल्या खटाऱ्यासारखी.
शनाभाई चौकीदार सांगतात, आळशी नाही ती, बेन,
ऊन जमा करतेय.
तेव्हापासून मंगळवारी मी धावत नाही.
मंगळवार मगरीचा.

नवरात्रात गुडघा सुजला. आपण होऊन घेतलेला गरबा, दोष कुणाला द्यायचा?
उत्तरायणात नणंदेकडचे अकरा जण,
उंधियू, जिलेबी, गच्चीवर गाद्या,
आणि बूट दाराआड, त्यावर कुणाची तरी फिरकी.
बारा दिवस.
तेराव्या दिवशी फाटकाशी शनाभाई म्हणाले,
"बहु दिवसे, बेन?"
एवढंच विचारलं, आणि फाटक थोडं जास्त उघडलं.
कडुलिंबात मांजा अडकलेला,
गळ्यासमोर हात धरून, अगदी हळू,
पुन्हा एकोणीस एकेपासून.
आश्चर्य म्हणजे
पंचे पंच्याण्णवला मी अजून बोलत होते.

वजन दोन किलो उतरलं, एक परत आलं.
बोटातली अंगठी साबणाशिवाय निघत नाही, तशीच आहे.
सलवारीची नाडी मात्र आता लांब उरते,
तिच्या टोकाला गाठ मारते
आणि कुणाला सांगत नाही.
लिफ्ट दुरुस्त झाली. मी लिफ्टनेच जाते बहुतेक वेळा,
डबा, पर्स, छत्री सांभाळत कोण चढणार पाच मजले.

काल एकोणीस सक एकशे चौदा
सयाजीबागेतल्या त्या फुलांच्या घड्याळापाशी
सहज म्हणून गेले.
आणि सत्तेला अडले.
पाय चालू, छाती चालू, नाकाने श्वास,
फक्त आकडा नाही.
म्हणजे तेव्हाही येत नव्हता!
चौथीत सगळ्यांच्या आवाजात आवाज मिसळून
मी इथे नुसतं तोंड हलवत असे.
चालायला लागायचं होतं, नियमाप्रमाणे.
सर बाकावरून बघतही असतील.
पण दमले नव्हते ना,
तर मनातल्या मनात, पळता पळता,
वीस सत्ते एकशे चाळीस,
त्यातून सात गेले,
एकशे